बिस्किटांचा निळा डबा

घंटागाडी आली, पण मागच्या फळीवर छबूबाई नव्हती. हन्ना ओल्या कचऱ्याची बादली धरून फाटकात उभी होती. शेवटी गाडी चालवणारा वाल्मिक स्वतःच खाली उतरला आणि कुरकुरत बादली घेऊ लागला.

"छबू कुठे गेली?" हन्नाने विचारले.

"सिव्हिलला हाय. काल गाडी खाली करताना सुई घुसली अंगठ्यात. कुनीतरी बिस्किटाच्या डब्यात सुया भरून टाकल्या हुत्या. निळा डबा, येकदम नवा."

वाल्मिकला सांगायची हौस होती. त्याने बादली फाटकाला टेकवून सगळे सांगितले. डॉक्टरांनी कालच गोळी दिली होती आणि आज परत बोलावले होते. सुया कोणाच्या ते कळले, तर त्या माणसाचे रक्त एचआयव्हीसाठी तपासायचे. ते साफ निघाले की छबूबाई मोकळी. नाहीच कळले, तर गोळ्या चालू ठेवायच्या आणि पुढे कित्येक महिने पुन्हापुन्हा रक्त द्यायला यायचे.

"पर ज्यानं टाकला त्यो सांगंल व्हय?" असे म्हणून तो गाडीत चढला.

हन्नाने फाटकाची कडी लावली. ती नीट बसली नाही, म्हणून पुन्हा लावली.

डबा तिचा होता. नाताळात भाचीने, जास्मिनने, बिस्किटे आणली होती, त्यांचा.

केडगावच्या त्या गल्लीत हन्नाला सगळे टीचर म्हणत. चर्चच्या आवारातली बालवाडी तिने वर्षानुवर्षे चालवली होती. गल्लीतल्या निम्म्या पोरांनी पहिली पाटी तिच्यासमोर धरली होती, आणि त्यांच्यातच छबूबाईची लेक सृष्टीही होती. बालवाडीचे काम सुटल्यावर हन्नाला एक नवा नाद लागला. घरातली कुठलीही वस्तू टाकायची, तर तिचे पुढे काय होणार ते कळल्याशिवाय टाकायची नाही. जुन्या साड्या ती मागच्या गल्लीतल्या गोधड्या शिवणाऱ्या बाईकडे पोहोचवायची. बंद पडलेले मिक्सर आणि चार्जर तांब्यासाठी घेणारा एक भंगारवाला तिने नागापूरला शोधून काढला होता. घड्याळातले सेल, फुटक्या बादल्या, गादीतला जुना कापूस, कशालाही तिच्याकडे पत्ता असे. गल्लीतल्या बायका आधी तिला विचारत आणि मग घर आवरायला काढत.

पत्ता नव्हता तो फक्त जॉर्जच्या सुयांना. नवऱ्याला रोज इन्सुलिन लागे. औषधाच्या दुकानदाराने वापरलेल्या सुया परत घ्यायला नकार दिला, भंगारवाल्याने तर कानाला हात लावले. पिशवीत सुट्या टाकाव्यात तर कोणाला तरी टोचतील. म्हणून तिने घरातला सगळ्यांत मजबूत डबा निवडला, झाकणाभोवती चिकटपट्टी गुंडाळली आणि आपण काळजी घेतली या समाधानाने तो सुक्या कचऱ्यात दिला.

असा चांगला डबा आपल्याकडे कोणी टाकत नाही, हे तिच्या ध्यानातच आले नाही. त्यात दोरे-बटणे ठेवतात, डाळ ठेवतात. तो ज्याच्या हाती पडेल तो उघडून बघणारच.

घरात येऊन तिने जॉर्जला सगळे सांगितले. जॉर्ज कंपनीत पत्र्याच्या प्रेस मशीनवर काम करायचा. उजव्या हाताची दोन बोटे त्याने तिथेच गमावली होती. त्याने वर्तमानपत्र खाली ठेवले.

"कोणाला बोललीस?"

"अजून नाही."

"मग बोलू नकोस."

जॉर्ज आपल्या हाताकडे बघत होता. तो काय बघतोय ते तिला कळले. बोटे गेली तेव्हा त्याला रक्त चढवले होते, फार जुनी गोष्ट. ते कोणाचे होते, नीट तपासलेले होते का, हे तेव्हा कोणी विचारले नव्हते. पुढेही दोघांनी तो विषय कधी काढला नव्हता.

"आणि काही निघालं तर?" तो हळूच म्हणाला. "मग तुझंही बघावं लागेल."

"निघायचं असेल तर ते आत्ताही आहेच की. आपल्याला माहीत नाही एवढंच. त्या बाईला तरी कळू दे."

जॉर्ज उठला आणि त्याने खुंटीवरचा शर्ट अंगात घातला. बटणे एक घर चुकून लागली होती. हन्नाने पाहिले, पण थांबवले नाही. थांबला असता, तर कदाचित पुन्हा खुर्चीत बसला असता.

सिव्हिलच्या बाकावर छबूबाई अंगठ्याला पट्टी बांधून बसली होती. दोघांना पाहून लगबगीने उठली.

"टीचर, तुमी कशापायी आल्या येवढ्या लांब? सरांना बी घिऊन?"

"छबू, तो डबा माझा होता. सुया ह्यांच्या."

छबूबाईच्या चेहऱ्यावरचे हसू होते तिथेच राहिले. ती खाली बसली.

"हलवला तर आतून खुळखुळ वाजला," ती म्हणाली. "मला वाटलं, कुनाचं मनी-डोरलं चुकून आलं. परत द्यावं म्हून उघडला." मग जॉर्जकडे मान वळवून म्हणाली, "सर, तुमाला काय हाय का?"

"शुगर आहे. बाकीचं आज कळेल," जॉर्ज म्हणाला आणि रक्त द्यायला आत गेला.

दोघी बाकाच्या दोन टोकांना बसल्या. हन्नाने मनात प्रार्थना सुरू केली. छबूसाठी मागायचे तेच जॉर्जसाठी होते आणि तेच स्वतःसाठीही. मग हे मागणे खरोखर कोणासाठी चालले आहे, ते तिला ठरवता येईना. समोरून कोणी कागद घेऊन गेले की दोघींच्या माना एकदम वर होत.

"राती सृष्टीला वायलं ताट दिलं," छबूबाई समोर बघत म्हणाली. "रोज एका ताटात जेवतो आमी. ती रडली, पर म्या न्हाई जवळ घेतली."

ताटातून असे काही होत नाही, हे हन्नाला माहीत होते. पोरांना समजावून सांगण्यात तिचा जन्म गेला होता. पण ते एक वाक्य तिच्या तोंडून बाहेर पडेना.

डॉक्टरांनी आत बोलावले. जॉर्जचे रक्त साफ होते. छबूबाईने ते त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतले. गोळ्या बंद करायच्या, खात्रीसाठी पुढे एकदा रक्त द्यायला यायचे, बाकी भिण्यासारखे काही नाही. छबूबाईने पदर तोंडाला लावला आणि कोणाशी न बोलता बाहेर पडली. जॉर्ज बाकावर टेकला आणि शर्टाची बटणे एकेक सोडून पुन्हा नीट लावू लागला.

निघताना हन्नाने तिथल्या नर्सला सुयांचे विचारले. फिनेलची जाड बाटली घ्या, पाऊण भरली की झाकण घट्ट लावून इथे आणून द्या, आमच्या सुयांबरोबर जाईल, असे तिने चालता चालता सांगितले. इतका जवळचा पत्ता. हन्ना सगळीकडे विचारत फिरली होती, इथे तेवढी आली नव्हती.

थोड्या दिवसांनी छबूबाई कामावर आली. हन्ना घंटा ऐकून दोन्ही बादल्या घेऊन फाटकात आली. पूर्वी छबूबाई वाकून बादली काढून घ्यायची आणि गल्लीतली एखादी बातमीही सांगायची. आज ती फळीवर उभी राहिली, हात गाडीच्या दांडीवर.

"ह्ये काय?" तिने हनुवटीने सुक्या बादलीकडे दाखवले.

हन्नाने बादली खाली ठेवली. बालवाडीत ती चित्रे वर धरायची, तसा एकेक जिन्नस वर धरून तिने दाखवायला सुरुवात केली.

"दुधाची पिशवी. धुतलेली."

"टाका."

"वर्तमानपत्र."

"टाका."

औषधाचे रिकामे खोके आले. हन्नाने ते उघडले, तळहातावर उलटे करून झटकले आणि आतली बाजू तिच्याकडे धरली. छबूबाईने वाकून आत पाहिले, मग मान हलवली.

ओली बादलीही हन्नाने स्वतःच रिती केली. वाल्मिकने गाडी पुढे घेतली. हन्नाने ती रिकामी बादलीसुद्धा उलटी करून वर धरली, पण तोवर छबूबाई पुढच्या फाटकाकडे बघत होती.