बेटावरची बाई

हॉलविक गावात कुणी वारलं की व्हर्लिन टोस्ट्रुडला बोलावणं यायचं. चर्चमध्ये उभं राहून त्यानं एका एस्टोनियन मासेमाराची होडीवरची कविता वाचायची, ही रीतच पडून गेली होती. कविता मासेमाराची, इंग्रजी व्हर्लिनचं. तो मासेमार कधीच वारलेला. मिनेसोटात हॉलविक नावाचं गाव आहे हे त्याच्या गावीही नव्हतं, पण इथल्या कितीतरी म्हाताऱ्यांना पैलतीरी पोचवलं ते त्यानंच.

व्हर्लिनची स्वतःच्या कवितांचीही तीन पुस्तकं होती. ती गावच्या वाचनालयात कोरी करकरीत उभी असत. गावाचा त्यांच्यावर राग नव्हता. पण ज्याच्या बापाच्या गोठ्यातलं दूध आपण प्यायलो, त्या पोरानं चारचौघांत उभं राहून 'मला असं वाटतं' म्हणायचं, म्हणजे जरा अतीच. परक्या मुलखातल्या माणसाला काय वाटलं ते मात्र खुशाल सांगावं, त्यात मिरवणं नसतं. खरं तर व्हर्लिन भाषांतराकडे वळला तो याच पायी. दुसऱ्याच्या तोंडानं बोललं की लाज वाटत नाही, हे त्याला मिसरूड फुटायच्या आतच उमगलं होतं.

आणि आता एप्रिलात, शेतांच्या कडेला बर्फाचे मळके ढीग अजून विरघळायचे असताना, त्याची आई बोर्गहिल्ड गेली.

मयताच्या सकाळी बहीण आर्डिस आईच्या स्वयंपाकघरात त्याच्या शर्टाला इस्त्री करत होती. मान वर न करताच ती म्हणाली, "होडीवालीच वाचशील ना?"

"नवी लिहिलीय. आईवर."

"कुणी?"

"मी."

इस्त्री थांबली. "अरे देवा. व्हर्न, आज नको. लोक म्हणतील, आईच्या मयतातसुद्धा यानं स्वतःची टिमकी वाजवली."

"टिमकी कसली गं? सगळी आईबद्दलच आहे."

"मग तर झालंच! तिच्याबद्दल चारचौघांत बोललेलं तिला कधी खपलंय?"

"आयुष्यभर लोकांच्या आयांसाठी वाचत आलो, आर्डिस. एकदा माझ्या आईला माझे शब्द देऊ दे. तिला त्या मासेमाराच्या होडीत कशी बसवू? तिला पाण्याची भीती वाटायची."

"बसेल ती," आर्डिस म्हणाली. "तक्रार करणारी नव्हती." आणि तिनं कॉलरवरून इस्त्री अशी फिरवली, की विषय तिथंच दुमडला गेला.

चर्च भरलं होतं. पुढच्याच बाकावर टॉर्डिस मावशी, आईची जन्माची मैत्रीण, काठीवर दोन्ही हात ठेवून बसलेली. व्हर्लिननं खिशातून कागद काढला. त्यावर त्याचीच कविता होती, त्याचं ठरलेलं होतं. 'ही मी लिहिलीय' एवढंच म्हणायचं होतं. समोर सगळे चेहरे ताटासारखे स्वच्छ, काही न मागणारे. त्यानं तोंड उघडलं.

"ही एका बाईची कविता आहे," तो म्हणाला. "एस्टोनियातल्या एका बेटावरची बाई. मी नुसती इंग्रजीत आणलीय."

सगळे बाकांवर निवांत रेलले. आपण काय बोलून बसलो ते व्हर्लिनलाच कळेना. आता माघार नव्हती. कागदावरच्या कवितेत पावाच्या रिकाम्या पिशव्या होत्या. आई त्या धुवून वाळत घालायची. बेटावर प्लास्टिकच्या पिशव्या कुठून येणार? उभ्या उभ्याच त्यानं त्यांची पिठाची पोती केली. आयुष्यात पहिल्यांदाच तो स्वतःचं भाषांतर करत होता.

धुतली पिठाची पोती, तारेवर ती झुलती,
पोटी वारा भरून, उडायची वाट बघती.
रिकामं टाकू नये, सांगायची मला;
घर रिकामं टाकून, गेली कुठल्या गावाला.

बियाण्याच्या कंपनीची टोपी मांडीवर धरून बसलेला बर्टिल, ज्याला बायकोच्या मयतातही कुणी रडताना पाहिलं नव्हतं, तो टोपीतच तोंड घालून बसला.

नंतर चर्चच्या तळघरात जेवणं. हॅमचे बन, बटाटे-खिम्याची भाजलेली हॉटडिश, पातळ कॉफी. लोक व्हर्लिनजवळ येत, "वाईट नव्हती" म्हणत, आणि हॉलविकात याहून वरचं बक्षीस नाही. टॉर्डिस मावशीनं त्याला शेजारी बसवून घेतलं.

"ती बाई आहे का रे अजून?"

"नाही. गेली," व्हर्लिन म्हणाला. सकाळी जन्मलेल्या बाईला त्यानं दुपारी मारून टाकलं.

"तिला कधी कुणी म्हणालं का, बाई, चांगलं लिहितेस म्हणून?"

त्यानं हातातला बन बशीत ठेवला. "नाही. कुणीच नाही."

"अगं बाई. बिचारी."

आता त्याला राहवेना. "मावशी, ती माझी कविता आहे. बेट नाही न् बाई नाही. मीच लिहिली."

मावशीनं त्याचा हात थोपटला. "आई गेली की माणूस काहीबाही बोलतो. पण मेलेल्या बाईचं आपलं म्हणू नये रे. बोर्गहिल्डला नसतं आवडलं."

आर्डिस कॉफीची किटली घेऊन येत होती. "आर्डिस, तू तरी सांग हिला!" तो म्हणाला. "तारेवर काय वाळायचं आपल्याकडे?"

आर्डिसनं त्याच्याकडे पाहिलं. शेजारच्या टेबलांकडे पाहिलं. तिथं सगळ्यांचं खाणं थांबलं होतं, कान इकडे लागले होते.

"पावाच्या पिशव्या," ती म्हणाली. "पोती कुठली आमच्याकडे?" आणि मावशीचा कप भरला. जाताना मात्र तिनं त्याचा खांदा घट्ट धरला, दुखेल इतका, आणि खाली वाकून कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "अगदी अशीच होती रे आई." तिचे डोळे भरले होते. मग ती पुढच्या टेबलाकडे गेली.

"पास्टरबाई!" टॉर्डिस मावशीनं काठी आपटली. "त्या बेटावरच्या बाईला कुणी नव्हतं हो. आपण सगळे जमलोच आहोत, तर तिच्यासाठी दोन शब्द म्हणा."

मयताची प्रार्थना चालवणाऱ्या पास्टरबाई उठल्या. "नाव काय तिचं?"

सगळे व्हर्लिनकडे बघायला लागले. "हेल्वे," तो म्हणाला. तेच पहिलं सुचलं.

काटेचमचे खाली ठेवले गेले. माना झुकल्या. बर्टिलनं टोपी काढली. "आमच्या भगिनी हेल्वेला शांती लाभो," पास्टरबाई म्हणाल्या, "आणि जिवंतपणी तिला कुणी सांगितलं नाही ते आज आम्ही सांगतो, की तिचे शब्द आम्हाला पोचले."

व्हर्लिननंही मान झुकवली. सगळ्यांच्या मागून, जरा उशिरानं, तो आमेन म्हणाला.

"माझ्या वेळी हीच वाच," टॉर्डिस मावशी डोळे पुसत म्हणाली. "आणि तिचं नाव गाळू नकोस."

"नाही गाळणार, मावशी."