मच्छिंद्र कंडक्टरची लाल रेघ

विजयमालाबाईंच्या दवाखान्यात सुई नव्हती. गोळीही नव्हती. त्यामुळे केडगावातल्या बऱ्याच लोकांना तो दवाखाना वाटतच नसे. पुणे रस्त्याला लागून दोन खोल्या, एक लांब बाकडं, आढ्याला टांगलेली कप्पी आणि तिच्यावरून सोडलेला दोर, एवढाच सरंजाम. बाई मुंबईला व्यायामोपचार शिकून आल्या होत्या. त्यांच्या हाताखाली दोन माणसं. एक तिसगावचा कानिफनाथ, कुस्त्या सोडून मालिशीकडे वळलेला. दुसरी राहीबाई. ती झाडलोट करी, शेकायच्या पिशव्या गरम करी, आणि व्यायाम करताना कुणी ओरडलाच तर त्याच्याकडे अशी बघे की तो गप्प होई.

दवाखान्याची खरी वही म्हणजे समोरची भिंत. ज्याचा खांदा आखडला असेल त्याने भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि बोटं पालीसारखी हळूहळू वर चालवायची. जिथे ती थांबतील तिथे बाई पेन्सिलीने रेघ मारून नाव लिहीत. गारठा पायांतून चढू नये म्हणून भिंतीपाशी काथ्याची जाड गादी कायम अंथरलेली असे.

मच्छिंद्र एस.टी.त कंडक्टर होता. उन्हाळ्यात त्याचा उजवा खांदा आखडला आणि गाडीच्या छताखालून जाणारी घंटीची दोरी त्याला परकी झाली. डावा हात तिकिटांच्या पेटीत गुंतलेला. घंटी द्यायची कशाने? नगरच्या डेपोने नोव्हेंबरअखेरपर्यंत मुदत दिली. तोवर कधीही अर्ज करायचा आणि साहेबांसमोर दोरी ओढून दाखवायची, पण एकदाच. जमलं तर बिल्ला परत, नाही जमलं तर कायमचं गाड्या धुणं. मच्छिंद्रने सुतळीने दोरीची उंची मोजून आणली. बाईंनी गादीपासून तेवढं अंतर मोजून भिंतीवर लाल खडूने रेघ मारली. म्हणाल्या, "ही गाठली की अर्ज करायचा. तोवर डेपोचं नाव काढायचं नाही."

दुष्काळ सरल्यानंतरची ती पहिली दिवाळी. बाई कोपरगावला माहेरी निघाल्या. जाताना म्हणाल्या, "राहीबाई, जरा स्वच्छ करून ठेवा."

राहीबाईला 'जरा' हा शब्द कधी ऐकू आला नव्हता. तिने बाकडं घासलं, दोर धुतला, गादी उन्हात टाकली आणि भिंतीला चुन्याचे दोन हात दिले. भिंत वाळली, दुधासारखी झाली, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की भिंतीवर काहीतरी होतं.

पण राहीबाई घाबरणारी नव्हती. सगळ्या रेघा तिने रोज भिंत पुसताना फडक्याने वळसे घालून जपल्या होत्या. रंगनाथ शिंप्याची रेघ आपल्या हनुवटीशी, रंगुबाईची छातीशी, मच्छिंद्रची बरोबर डोक्याइतकी, आणि लाल रेघ डोक्यावर चार बोटं. ती भिंतीला लागून उभी राहिली आणि अंगावर मापं घेत एकेक रेघ पुन्हा मारली. अक्षर येत नव्हतं म्हणून शिंप्याला कात्री काढली आणि कंडक्टरला घंटी. मग गादी आत आणली, काठीने बडवली आणि होती तिथे अंथरली.

गुरुवारी दवाखाना उघडला. बाई सोमवारी यायच्या होत्या, तोवर व्यायाम कानिफनाथ घेणार होता. रंगनाथ शिंपी आपल्या रेघेच्या चार बोटं वर गेला. रंगुबाईही चार बोटं वर गेली. मच्छिंद्रची बोटं घंटीपाशी न थांबता पुढे सरकली आणि लाल रेघेवर जाऊन टेकली.

"अरं पोचला की रं!" कानिफनाथ ओरडला.

"फराळाचं तेल सांध्यात उतरलं आसंल," रंगनाथने खुलासा केला.

मच्छिंद्र तिथूनच डेपोत गेला आणि अर्ज देऊन आला. शनिवारी सकाळी दहाची वेळ मिळाली.

शुक्रवारी सकाळी राहीबाईने झाडायला गादी उचलली. सहज भिंतीकडे बघितलं. रंगनाथची कात्री हनुवटीशी, जिथल्या तिथे. गादी टाकून ती तिच्यावर उभी राहिली. कात्री गळ्याशी आली. ती खाली उतरली. कात्री हनुवटीशी. पुन्हा चढली. असं पाच वेळा झालं.

"व्यायाम करतीय व्हय?" कानिफनाथने विचारलं.

"पैलवान, गादी किती जाड हाय?"

त्याने बोटं लावून पाहिली. "चार बोटं."

"रेघा मारल्या तवा गादी उन्हात हुती. समद्या चार बोटं खाली आल्या," राहीबाई म्हणाली आणि बाकड्यावर बसली. एवढ्या वर्षांत त्या बाकड्यावर ती पहिल्यांदाच बसत होती.

मच्छिंद्र आला तो नवीन टोपी घालून. राहीबाईने त्याला काहीच न लपवता सांगितलं. उद्या गेलास तर दोरी चार बोटं लांब राहील, आणि दुसरी संधी नाही, हेही सांगितलं. तो हसला.

"मावशी, माझं चांगलं झालेलं बघवंना व्हय तुमाला?"

"बघवतंय म्हनून तर सांगतीय."

"गादीचं काय घिऊन बसलाय! काल हात वर गेला का न्हाई? पैलवानानं बघितला."

"मी बघितला," कानिफनाथ प्रामाणिकपणे म्हणाला, "पर मी गादी न्हवती बघितली."

दोघांचं पटेना. शेवटी राहीबाईने पदर खोचला. "चल, खरी दोरी बघू."

सुप्याहून येणारी दहाची गाडी थांब्यावर लागली. कंडक्टर छगन हा मच्छिंद्रचाच दोस्त. तो "आरं, आरं" म्हणेपर्यंत तिघं दारातून आत शिरले. गाडी खच्चून भरलेली. मच्छिंद्रने दोरीखाली उभं राहून उजवा हात वर न्यायला सुरुवात केली. बोटं खांबावरून चढत गेली, घाम फुटला, आणि हात थांबला.

राहीबाईने आपली बोटं आडवी धरून मधलं अंतर मोजलं. बरोबर चार.

"काय मोजताय बाई? चोळीचं कापड हाय व्हय?" मागून कुणीतरी विचारलं.

"टाचा उचल की गड्या!" दुसऱ्याने सुचवलं.

"टाचा उचलायच्या न्हाईत," कानिफनाथ करड्या आवाजात म्हणाला. "बाईंचा नेम हाय."

शेवटच्या बाकावरचा एक उंच शेतकरी कंटाळून उठला. "गाडीत दोन-दोन कंडक्टर, आन् घंटी द्यायला येक न्हाई," असं म्हणून त्याने दोरी दोनदा ओढली. ड्रायव्हरने गाडी सोडली.

"तिकिटं?" छगनने हात पुढे केला.

"आमी निस्तं मोजायला चढलो हुतो," कानिफनाथ म्हणाला.

"मोजा की. नगरपतूर मोजा. तीन फुल."

स्टेशनवर बरीच माणसं उतरली आणि तिघांना बसायला जागा मिळाली. मच्छिंद्र टोपी काढून मांडीवर ठेवत म्हणाला, "मावशी, उद्या गेलो आसतो तर?"

"गाड्या धुतल्या आसत्या."

"लई तोंडावर बोलता तुमी."

"काल बोलायला पायजे हुतं. काल मलाच ठावं न्हवतं." ती खिडकीबाहेर बघत राहिली. "चूक माझी हाय, मच्छिंद्रा. सोमवारी बाईंच्या म्होरं मीच सांगते."

त्याने दोरीकडे बघितलं. ती हलत होती. "म्हंजी दिवाळीआधी हुतो तितंच हाय मी," तो म्हणाला.

"तितंच. पर त्याच्याआधी खांद्याच्या वर हात जात न्हवता तुजा."

हे त्याला कबूल करावं लागलं.

गाडी स्टँडवर थांबताच मच्छिंद्र पुढे आणि ही दोघं मागे, असे ते डेपोच्या कचेरीत गेले. कारकुनाने चष्मा वर केला.

"काल अर्ज दिला, आज मागं घेता. कारण?"

मच्छिंद्रने राहीबाईकडे बघितलं, कानिफनाथकडे बघितलं.

"भिंतीला चुना दिला हुता," तो म्हणाला.

कारकून जुना माणूस होता. त्याने पुढे काही विचारलं नाही. कारणाच्या जागी 'घरगुती' असं लिहिलं आणि लेखणी शाईत बुडवली. "मग आता तारीख कुठली टाकू?"

"मुदतीचा शेवटचा दिवस," मच्छिंद्र म्हणाला.

"तीस नोव्हेंबर. अठ्ठावीस दिवस."

कानिफनाथने बोटं मोजली, मग दिवस मोजले, मग दोन्ही एकमेकांशी लावून पाहिलं. "बोटाला सात दिवस," तो म्हणाला.

"चला," राहीबाई म्हणाली, "आजचा व्यायाम ऱ्हायलाय."