पाठचा वारा

नोकरीतून मोकळं होऊन आठ महिने झाले, तरी भार्गवीताईंच्या हातातली वही सुटली नव्हती. मिरजेच्या दवाखान्यात चौतीस वर्षं नर्स, त्यातली शेवटची अकरा वॉर्डाच्या इन्चार्ज. कुणाला काय दिलं, कुणाचं काय राहिलं हे लिहून काढल्याशिवाय त्यांचा दिवस मिटत नसे. आता सांगलीच्या घरात त्या एकट्या. औषधं लिहायची ती स्वतःच्याच रक्तदाबाची एक गोळी. म्हणून की काय, वहीत त्यांनी नवे रकाने पाडले होते. पाचगणीच्या डोंगरावरून माणसांना पॅराग्लायडिंगच्या छत्रीला बांधून हवेत नेणाऱ्या मंडळींचे.

हे काम गळ्यात पडलं ते हरणाबाईमुळं. हरणाबाई त्याच वॉर्डात आया. मूळची आटपाडीकडची. घरी मेंढरं. लग्नानंतर काही वर्षं नवऱ्याबरोबर कळपामागं फिरली, मग मिरजेला आली आणि दवाखान्यालाच चिकटली. दोघी एकाच महिन्यात निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात कुणीतरी हरणाबाईला विचारलं, "आता काय करणार, मावशी? देवदर्शन?"

"मला एकदा वर जायाचंय," हरणाबाई म्हणाली.

सभागृह गप्प झालं, तशी तिनंच हसून सांगितलं, "तसं वर न्हवं वो. त्या पाचगणीला मान्सं उडत्यात, तसं. एका पेशंटच्या पोरीनं मोबाइलवर दावलं हुतं."

लोक हसले. भार्गवीताईंच्या गळ्यात हार होता आणि मन भरून आलेलं होतं. त्या उठून म्हणाल्या, "मी नेते तुला."

बोलून गेल्या आणि अडकल्या.

पुण्याच्या भाचीनं, राजनंदिनीनं, एका संध्याकाळी त्यांच्या फोनवर अकरा पत्ते पाठवले. "मावशी, रिव्ह्यू वाच आणि ठरव. सोपं आहे." सोपं काही नव्हतं. एकाला चार पूर्णांक आठ स्टार, दुसऱ्याला चार पूर्णांक नऊ. एकाच्या सहलीत उडण्याबरोबर स्ट्रॉबेरीचा मळा, दुसऱ्याकडे तलावातली होडी आणि रात्रीचा तंबू, तिसऱ्याचा टी-शर्ट फुकट. खाली लोकांचे अभिप्राय: अप्रतिम, अविस्मरणीय, एकदा कराच. भार्गवीताई चष्मा पुसून पुसून वाचत राहायच्या. सगळ्यांचं सगळंच उत्तम, तर माणसानं निवडायचं कशावरून? तीन आठवडे झाले, मान धरली, आणि वहीतले रकाने भरत गेले तसतसं त्यांना काहीच कळेनासं झालं.

असे रकाने त्यांनी पूर्वी एकदा पाडले होते, सहा वर्षांपूर्वी, नवऱ्याच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी. दोन सर्जन, दोन दवाखाने. ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं, नर्सांना विचारलं, दोन्हीकडच्या वॉर्डांत स्वतः जाऊन उभ्या राहिल्या आणि एक निवडला. नवरा टेबलावरून परत आला नाही. कुणाची चूक नव्हती, हे त्यांना माणसाच्या शरीराची माहिती होती म्हणून कळत होतं. दुसऱ्याकडे नेलं असतं तर काय झालं असतं, याचा मात्र रकाना नसतो. हे त्या कुणाशी कधी बोलल्या नाहीत.

अकरापैकी शेवटचं नाव होतं तानाजी नावाच्या एका माणसाचं. अभिप्राय जेमतेम चौदा. त्यात एक रागानं लिहिलेला, एकच स्टार दिलेला: 'दोन दिवस बसवून ठेवलं. शेजारचे सगळे उडत होते. हा माणूस वारा बरोबर नाही एवढंच म्हणत होता. वेळ वाया गेला.'

भार्गवीताईंनी तो तीनदा वाचला. मग वहीतले आधीचे रकाने तसेच ठेवून त्यांनी तीन जणांना फोन लावले आणि तिघांना एकच प्रश्न विचारला, "गेल्या महिन्यात तुम्ही कुठल्या दिवशी उडाला नाहीत?"

पहिला हसला. "मॅडम, आमच्याकडे रोज फ्लाइट असते." दुसऱ्यानं विषय टी-शर्टावर नेला. तिसरा तानाजी. तो आठवून म्हणाला, "परवा न्हाई उडलो. त्याच्या आदल्या दिशीबी न्हाई. का वो?"

"काही नाही," भार्गवीताई म्हणाल्या. "दोन जागा लिहून घ्या."

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दोघी एसटीनं निघाल्या. कराडला चहा, साताऱ्याला गाडी बदलली, आणि पसरणीचा घाट चढताना हरणाबाईनं खिडकीची काच अशी घट्ट धरली, जणू गाडी तीच वर ओढत होती. लॉजवर पोचेपर्यंत अंधारलं. भार्गवीताईंच्या पोटऱ्या दुखत होत्या. निवृत्तीनंतर आराम मिळेल असं सगळे म्हणाले होते, पण आठ महिन्यांत त्यांना सलग चार तासांपलीकडे झोप लागली नव्हती. पहाटे साडेचारला डोळे उघडायचे आणि उठून करायचं काय, हा प्रश्न छातीवर बसायचा.

सकाळी आठला त्या उड्डाणाच्या जागेवर पोचल्या. डोंगराची उतरती कड, त्यावर वाळलेलं गवत, खाली पार दूरवर धरणाचं पाणी. काठीला वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी टांगलेली. एका बाजूला मोठा फलक, खुर्च्या, गाणी, रांग. दुसऱ्या बाजूला पत्र्याची एक शेड. शेडपाशी पस्तिशीचा, उन्हानं रापलेला तानाजी उभा होता. त्याची बायको संयोगिता चटईवर बसून दोर तपासत होती.

तानाजीनं दोघींना नमस्कार केला, हरणाबाईचे गुडघे कसे आहेत ते विचारलं, तिला दहा पावलं पळायला लावलं. मग पिशवीकडे बघत उभा राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं.

"आज न्हाई जमायचं, मावशी," तो म्हणाला. "वारा समोरनं दरीतनं वर यायला पायजे. ह्यो पाठीमागनं येतुया, मधीच फिरतुया."

तो हे बोलत असतानाच शेजारच्या रांगेतली एक मुलगी पायलटबरोबर पळाली, छत्री फुगली, एकदा डावीकडे कलंडली आणि सावरून दरीवर तरंगायला लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हरणाबाई तोंड वर करून बघत राहिली.

"ते तर उडले," भार्गवीताई म्हणाल्या.

"व्हय. त्यांना जमतंय त्ये उडत्यात," तानाजी म्हणाला. "मला ह्या वाऱ्यात तुमास्नी न्यायचं न्हाई."

त्याच्या आवाजात ना तक्रार, ना फुशारकी. तो दोर गुंडाळायला लागला. तेवढ्यात शेजारच्या रांगेतला हसतमुख माणूस पुढं आला. "मॅडम, कशाला थांबताय? आमच्याकडे या. अर्ध्या तासात आजींना उडवून आणतो."

भार्गवीताईंनी हरणाबाईकडं पाहिलं. हरणाबाई म्हणाली, "सिस्टर, तुमी म्हनाल तसं."

हे वाक्य भार्गवीताईंच्या ओळखीचं होतं. चौतीस वर्षं त्यांनी ते ऐकलं होतं. ऑपरेशन करू का नको, सिस्टर, तुम्ही म्हणाल तसं. मोठ्या दवाखान्यात हलवू का, सिस्टर, तुम्ही म्हणाल तसं. माणसं ते विश्वासानं म्हणायची आणि ओझं त्यांच्या पदरात टाकून मोकळी व्हायची. घरीसुद्धा नवरा तेच म्हणाला होता, शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, हसत.

"उद्या बघू," त्या कशाबशा म्हणाल्या.

दिवसभर शेजारचे उडत राहिले. कुणाला काही झालं नाही. खाली उतरून माणसं जीपमधून परत येत, फोनवरची चित्रं एकमेकांना दाखवत. दुपारी लॉजच्या खोलीत हरणाबाई भाकरी सोडताना सहज बोलली, "त्यांचं काय बी बिघाडलं न्हाई की."

"मग जा तू त्यांच्याकडं," भार्गवीताई ताडकन म्हणाल्या. "मी कशाला वाचत बसले तीन आठवडे? माझी मान मोडली. तू बोट दाखवायचंस आणि आपण जायचं, एवढंच होतं ना?"

हरणाबाईनं हातातला तुकडा खाली ठेवला. वॉर्डात एवढ्या वर्षांत या दोघी भांडल्या नव्हत्या असं नाही, पण ती भांडणं कामाची होती. हे वेगळं होतं. हरणाबाई म्हणाली, "आवं, म्या तसं न्हाई म्हनले. मला न्हाई उडायला मिळालं तरी चालंल. तुमाला बगून जीव कसनुसा हुतुया. तुमी निजता कवा? राती तीनदा उठला."

"झोप येत नाही."

"घरी बी?"

"घरी पण."

दुपारभर दोघी आपापल्या खाटेवर पडून राहिल्या. भार्गवीताई छताकडं बघत होत्या. तानाजी बरोबर की शेजारचा बरोबर? आज कुणी पडलं असतं तर तानाजी शहाणा ठरला असता. कुणी पडलं नाही, म्हणून तो भित्रा ठरतो का?

दुसऱ्या दिवशी वारा होता तसाच, वरून धुकं. तानाजीनं लांबूनच नकाराची मान हलवली. या खेपेला भार्गवीताई परत फिरल्या नाहीत. शेडपाशी जाऊन बसल्या. संयोगितानं चहा दिला. हरणाबाई आणि तानाजी बोलता बोलता ओळखीतले निघाले. तो माण तालुक्यातला, त्याचे वडील मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरायचे, हरणाबाईचा सासराही त्याच वाटेनं जायचा.

"वारं बघायला कुणी शिकवलं?" भार्गवीताईंनी विचारलं.

"कोर्स केला की, सहा म्हयनं. सर्टिफिकेट हाय." तो थोडा हसला. "पर कळप घिऊन फिरनाऱ्याला आभाळ बगितल्याबिगर पाऊल टाकता येत न्हाई. त्ये आंगात हाय."

"लोक रागावत नाहीत?"

"रागावत्यात. लिवत्यात बी. पयल्या वर्सी लय वाईट वाटायचं. रातभर इचार, उडवायला पायजे हुतं का? त्येचं काय उत्तर मिळत न्हाई बगा, मावशी. ज्ये केलंच न्हाई त्येचं काय झालं आसतं, कुनाला म्हाईत? आता इचार करत न्हाई. वारा बगतो, ठरवतो, घरी जाऊन जेवतो."

भार्गवीताईंनी चहाचा कप दोन्ही हातांत धरला. समोर धुक्यात काही दिसत नव्हतं.

तिसरा दिवस परतीचा. बारा वाजताची वाईची गाडी धरायची होती. पहाटे त्या नेहमीप्रमाणं जाग्या झाल्या. सहा वाजता तानाजीचा फोन आला. "या लवकर. आज चांगला हाय."

कडेवर पोचल्या तेव्हा कापडी पिशवी दरीकडं तोंड करून सरळ फुगली होती. धुकं खालीच बसलं होतं. तानाजीनं हरणाबाईला पट्टे बांधले, हेल्मेट घातलं. नऊवारीखाली संयोगितानं दिलेली पँट चढवून हरणाबाई एखाद्या लढाईला निघाल्यासारखी दिसत होती.

"तुमी दुसऱ्या खेपेला, मावशी?" तानाजीनं विचारलं.

भार्गवीताईंनी स्वतःकडं बघितलं. दोन जागा त्यांनीच लिहून घेतल्या होत्या. "नको," त्या म्हणाल्या. "मला नाही उडायचं. मी इथं बसून बघते हिला."

"आवं, एवढं येऊन?" हरणाबाई म्हणाली.

"एवढं येऊन. तू जा."

हरणाबाईनं काही आढेवेढे घेतले नाहीत. तिच्या पाठीशी बांधलेला तानाजी म्हणाला तशी ती पळाली. सहा पावलं, सात पावलं, आणि जमीन संपायच्या आत तिचे पाय सुटले. छत्री दरीवर गेली. भार्गवीताई गवतावर बसल्या, पाठ एका दगडाला टेकवली. कोवळं ऊन पायांवर आलं होतं. हरणाबाईचं लाल हेल्मेट लहान होत होतं. ते वळलं, धुक्याच्या कडेनं गेलं, पुन्हा वर आलं. आता कुणाला काही द्यायचं नव्हतं, विचारायचं नव्हतं, ठरवायचं नव्हतं. जे काय करायचं ते त्या हवेतल्या माणसाच्या हातात होतं. त्यांनी एकदा पापणी मिटली.

जाग आली तेव्हा अंगावर संयोगिताची शाल होती आणि ऊन डोक्यावर आलेलं होतं. तोंडाला कोरड पडलेली, गालावर गवताचे वळ. समोर हरणाबाई मांडी घालून शेंगा सोलत बसली होती.

"किती वाजले?" भार्गवीताई दचकून म्हणाल्या.

"पावनेबारा."

"उठवलं का नाहीस?"

"कशापायी उठवू? घोरत हुता." हरणाबाईनं चार शेंगदाणे त्यांच्या हातावर ठेवले. "म्या वरनं हात केला तुमास्नी. दिसला का?"

खोटं बोलणं सोपं होतं. "नाही गं," भार्गवीताई म्हणाल्या. "तू वळलीस तेवढं बघितलं. मग काही कळलंच नाही."

हरणाबाईला वाईट वाटलं असावं; दाणे चावता चावता ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "बरं झालं निजला."

"कसं होतं वर?"

हरणाबाईनं खालच्या पाण्याकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं. "गार हुतं," ती म्हणाली. "आन् आवाजच नव्हता कसला."

वाईची गाडी आता मिळणार नव्हती. पुढची किती वाजता आहे ते दोघींनाही माहीत नव्हतं. संयोगिता शेडमधून म्हणाली, तिच्याकडं पिठलं-भाकरी आहे, जेवूनच जा. भार्गवीताईंनी उठायला हात टेकला, पण पाय अजून जड होते. त्या तशाच बसल्या आणि शाल खांद्यावर ओढून घेतली.

"तू हो पुढं," त्या हरणाबाईला म्हणाल्या. "मी येते मागनं."