डावीकडे कललेल्या पाकळ्या

सान मिगेलात पत्र्याचे दिवे करणारे पुष्कळ, पण ओनोरियोचा दिवा म्हटलं की भलेभले मान डोलवायचे. तो जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याची बायको पेत्रोनिला अजून रोज छिन्नी घेऊन बसायची आणि गावाला वाटायचं, बाई आपला जीव रमवतेय.

संगीतशाळेच्या दालनात ओनोरियोच्या दिव्याला जोडीदार हवा होता. समितीचा फेर्मीन, म्हणजे ओनोरियोचा डॉमिनोतला जुना भिडू, आडपडदा न ठेवता बोलला.

"वहिनी, राग मानू नका. तुम्ही करा, पण तो त्याच्या दिव्याशेजारी टांगून बघू. शोभला तर ठेवू, नाहीतर बाहेरून मागवू."

"टांगा की," पेत्रोनिला म्हणाली. राग तिला आलाच होता. तो तिने महिनाभर पत्र्यावर काढला.

ठरल्या दिवशी भर दुपारी दालनाच्या खिडक्या लावून दोन्ही दिवे पेटवले. पत्र्याला पाडलेल्या छिद्रांतून भिंतभर उजेडाच्या पाकळ्या पसरल्या, जुन्याच्या काय नि नव्याच्या काय, सगळ्या डावीकडे कललेल्या.

"हुबेहूब त्याचा हात," फेर्मीन म्हणाला. "चांगलं शिकवलंन तुम्हाला."

शेवटची एक पाकळी पेत्रोनिलाने मुद्दाम पाडायची ठेवली होती. तिने नवा दिवा उतरवून घेतला, आत लाकडाचा ठोकळा सारला, छिन्नी उजव्या हातात धरली आणि हातोडी डाव्यात.

"फेर्मीनभाऊ, ओनोरियो सोंगट्या कोणत्या हाताने टाकायचा?"

"उजव्या. का?"

"पाकळी कलते ती ठोकणाऱ्या हाताकडे."

फेर्मीनने तिच्या हाताकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "म्हणजे जुनाही..."

"सगळेच. कापणं आणि जोडणं त्याचं, पाकळ्या माझ्या."

"मग इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"तुम्ही कोणी विचारलंत?" तिने एका ठोक्यात पाकळी पाडली. "आता जुना दिवाही उतरवा."

"तळाशी कोरलेलं त्याचं नाव खोडणार?"

"खोडू कशाला? त्याने जोडलेला एकही सांधा अजून सुटलेला नाही."

फेर्मीनने स्वतः शिडीवर चढून दिवा खाली आणला आणि ती सांगेल तसा धरून उभा राहिला. तळाशी, नवऱ्याच्या नावाला अगदी लागून, पेत्रोनिलाने खिळ्याने आपलं नाव कोरलं. त्याच्याहून जरा मोठ्या अक्षरांत.