येनावरचा तिसरा कॅमेरा

चौदा-ब या कॅमेऱ्याच्या कार्डात मला आधी एक हात दिसला. उजवा, बाईचा, मनगटावर विंचवाचं गोंदण, तर्जनीचं नख अर्धं तुटलेलं. वेळ पहाटे पाच वाजून आठ मिनिटं. पुढच्या फोटोत नुसती झाडाची साल. त्यानंतर साडेसहा तास काहीच नाही, आणि अकरा एकेचाळीसला पुन्हा तोच हात.

एकदाच झालं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण नऊ दिवसांत सात वेळा झालं होतं, आणि जोडीच्या चौदा-अ मध्येही तसंच. समोर काही हललं की आपोआप फोटो घेणारे हे कॅमेरे आम्ही प्रत्येक ठिकाणी दोन, गुडघाभर उंचीच्या खुंट्यांवर बसवतो. कोणीतरी बहुतेक रोज पहाटे ते झाडाच्या बुंध्याकडे फिरवत होतं आणि जाताना पुन्हा होते तसे वाटेकडे करून ठेवत होतं. मला हे दुसरं जास्त खटकलं. चोराने कॅमेरा नेला असता, चिडलेल्या माणसाने फोडला असता. नीट जागेवर ठेवणाऱ्याला काहीतरी लपवायचं असणार.

मी प्राणिशास्त्र शिकले. तुमसरहून चिखल्याच्या खाणीकडे जाताना जे जंगल लागतं, तिथे आमची संस्था अस्वलांची मोजणी करते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात, ती खायला अस्वल येतं, म्हणून कॅमेरे मोहाच्या झाडांजवळ. त्याच झाडांखाली गावातल्या बायाही पहाटे फुलं वेचायला जातात. जंगल सरकारी असलं तरी मोहाची झाडं गावाने वाटून घेतलेली आहेत. जुन्या लुगड्याची चिंधी फांदीला बांधली की ते झाड त्या घरचं. दुसरी कोणी तिथे टोपली टेकवत नाही. चौदा नंबरच्या मोहाला हिरवी चिंधी होती. ती कोणाची, हे मी कॅमेरा लावताना विचारलं नव्हतं.

वनरक्षक निकेशने हात लगेच ओळखला.

"सत्यभामा. शेवटच्या घरची. मले डाउटच होता, मॅडम."

"कशाचा?"

त्याने मोबाईल पुढे केला. चितळाची मादी, गळ्यात मोटरसायकलच्या क्लचतारेचा फास. चौदा नंबरपासून दोनशे मीटरवर सापडली होती.

"आता तुमीच सांगा, कॅमेरा फिरवाची गरज कोणाले पडते? एक पुरावा भेटू द्या. गुन्हा नोंदवतो न जंगलच बंद करतो तिचं."

सत्यभामाला वावर नव्हतं. मोह, तेंदूपत्ता, चारोळी, यावरच तिचं वर्ष निघायचं. जंगल बंद म्हणजे गाव बंद.

ती बारा वर्षांपूर्वी खाणीच्या वसाहतीतून नवऱ्याला सोडून आली, एवढं सगळे सांगत. त्यापुढे प्रत्येकाचं वेगळं होतं. नवरा न्यायला आला होता आणि घाबरून पळाला, असंही म्हणत. मी जिच्याकडे भाड्याने राहत होते त्या गोदावरीबाईंचा हिशेब सरळ होता.

"आमी चार जणी हाका मारत जातो त अस्वल पळते. ते एकटी जाते, मुकाट्यानं. तिले काहून नाही धरत, पोरी?"

"नशीब असेल, बाई."

"बारा वर्षं?"

प्रश्न म्हणून तो चुकीचा नव्हता. मीही तो मनात टिपून ठेवला.

रविवारी दुपारी निकेश समोरच्या येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडावर चढला आणि दहा फुटांवर, पानांच्या आड, तिसरा कॅमेरा बांधला. वरून सगळं मोकळं दिसत होतं. संस्थेच्या नियमानुसार कॅमेरा माणसासाठी लावायचा नसतो. चुकून माणूस आला तर नोंद करून फोटो काढून टाकायचा. मला नियम पाठ होता. बॅटरी पुरावी म्हणून मी दोन फोटोंमध्ये दहा मिनिटांचं अंतर ठेवलं. एक फोटो घेतला की यंत्र दहा मिनिटं झोपतं.

आठवड्याने निकेशने तो उतरवला आणि मी कार्ड काढलं. दोनशे चौदा फोटो. निकेश माझ्या खांद्यावरून लॅपटॉपमध्ये बघत होता. एकसष्टावर तो म्हणाला, "थांबा."

सहा बावन्न: झाडाखाली सत्यभामा, वाकून फुलं वेचताना. सात दोन: त्याच जागी अस्वल, वाकून फुलं खाताना. सात चौदा: त्याच जागी सत्यभामा.

"मायबाई," निकेश म्हणाला. हसला, पण हसणं अर्ध्यावर राहिलं. मी पाणी प्यायला उठले तेवढ्यात त्याने मोबाईलने स्क्रीनचे तीन फोटो काढले. मला ते संध्याकाळी कळलं, गोदावरीबाईंनी माझ्यासमोर मोबाईल धरला तेव्हा.

"तुह्या मशिनीत आली ना ते? बाई, अस्वल, बाई. आता मशीन त खोटं नाही बोलत?"

"बाई, दहा मिनिटांचं अंतर आहे मध्ये."

"दहा मिनिटात काय काय होते."

तीन फोटो गावाच्या ग्रुपवर फिरत होते. खाली कोणीतरी लिहिलं होतं की बुधवारी ग्रामपंचायतीत बसू आणि बाईला विचारू, मॅडमलाही बोलवू, मूळ फोटो घेऊन. आतापर्यंत गावाकडे तिच्याविरुद्ध फक्त बोलणं होतं. आता माझी तारीख-वेळ छापलेले फोटो होते.

त्या रात्री मी दोनशे चौदाही फोटो एकेक करून मोठे करून पाहिले. बासष्ट नंबरच्या डाव्या कोपऱ्यात, वर, मोहाच्या आडव्या फांदीवर फिकट काहीतरी होतं. मोठं केलं. तळपाय होता. टाच, पाच बोटं, भेगा. खाली अस्वल, वर सत्यभामा फांदीवर. निकेशच्या मोबाईलमध्ये तो कोपरा ट्यूबलाइटच्या चकाकीत गेला होता.

बाकीचे फोटो पाहायला नको होते, असं मला पाहून झाल्यावर वाटलं. ती खडकावर परकरात पालथी झोपली होती, केस मोकळे. बिडी ओढत होती. एका फोटोत दोन्ही हात वर, तोंड उघडं. गात होती की शिव्या देत होती, कळत नव्हतं. आणि एकशे सातमध्ये तिच्या टोपलीत, फुलांवर, तारेचं वेटोळं होतं.

तार लावायला नेत होती की काढून आणत होती, हे फोटोत दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन मी तिच्या घरी गेले. अंगणात मोहफुलं वाळत होती. तिने मला बस म्हटलं नाही. पन्नाशीची, सडसडीत, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला.

"आली का फोटोवाली?"

"मावशी, तुमचे फोटो निघाले माझ्याकडून. झाडावर अजून एक कॅमेरा होता."

"येनावर." ती फुलं उलटी करत राहिली. "परवा दिसला मले. तवापर्यंत व्हाचं ते झालं होतं. किती जणायनं पाहिलं?"

"सगळे मी. पहिले त्रेसष्ट निकेशनं. आता तीन गावानं."

"दाखव."

मी ओट्यावर लॅपटॉप ठेवला. ती हात पुसून शेजारी बसली. दोनशे चौदा फोटो तिने एकही न सोडता पाहिले. मधेच म्हणाली, "हे कोण म्हातारी होय?" खडकावरच्या फोटोवर तिचा चेहरा कठोर झाला. मी पुढे सरकवायला हात नेला तर तिने तो धरला, तेच विंचवाचं मनगट. तिची पकड मला दुखली.

"घरी गाव पाहाते. नळावर पाहाते. खाणीत होतो तवा तो पाहाचा, दिवसभर कोठी गेलती, कोणासंगं बोलली. एक जागा होती माही."

तिने माझा हात सोडला.

"तुले काय पाहाचं होतं?"

"फास."

तिने मानेने दाखवलं. अंगणाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत कपडे वाळत होते. लुगडं ज्यावर होतं ती दोरी नव्हती. क्लचतारेचे तुकडे गाठी मारून जोडलेले. मी गाठी मोजल्या. दहा गाठी, म्हणजे अकरा तुकडे.

"फुकटचा तार कोण सोडते?" ती म्हणाली. "एक काढाले उशीर झाला. ते चितळीण."

"निकेशला का नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं त पहिला सवाल काय केला असता त्यानं? तुले कसा दिसला." ती माझ्याकडे वळली. "तुले पाहाचं होतं त इचारलं काहून नाही?"

"खरं सांगितलं असतं?"

"नाही."

अकरा फास तिने काढले असतील, तसेच अकरा लावायलाही तिला अडचण नव्हती. हा विचार मला तिथे बसूनही आला. तिलाही तो माझ्या तोंडावर दिसला असावा, कारण ती पहिल्यांदा हसली.

मी तिला बुधवारचं सांगितलं. सगळे फोटो मी काढून टाकू शकत होते, नियमच तसा होता. पण मग गावाकडे ते तीनच राहिले असते. बासष्टावा पूर्ण दाखवला तर पाय दिसला असता. पण तोही तिचाच फोटो होता, आणि यावेळी मी न विचारता काही करणार नव्हते.

तिने बासष्टावा पुन्हा मोठा करायला लावला. बराच वेळ पाहिला.

"पाय दाखव. पाय माहाच आहे. बाकीचे आत्ता काढ, माह्या डोळ्यासमोर."

मी एकेक काढून टाकत गेले. अस्वल एकटं असलेले सहा होते, तिथे ती म्हणाली, "त्याचे राहू दे. ते काही लपून नव्हतं आलं." मग ती उठली, कपड्यांच्या तारेच्या टोकाचा एक तुकडा सोडला आणि माझ्या हातात दिला. "निकेशले दे. म्हणाव, मोजणी कर."

बुधवारी दुपारी ग्रामपंचायतीत साठेक माणसं होती. सत्यभामा आत आली नाही, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. मी भिंतीवरच्या टीव्हीला लॅपटॉप जोडला. आधी सांगितलं की हा कॅमेरा मी माणसाला पकडायला लावला होता, तसा लावायचा नसतो, चूक माझी, आणि मी ती संस्थेला लिहून कळवली आहे. निकेशने मान खाली घातली. मग यंत्र दहा मिनिटं कसं झोपतं ते सांगितलं आणि बासष्टावा फोटो लावला. आधी पूर्ण. मग कोपरा.

टीव्हीवर तळपाय पाटाएवढा दिसत होता.

"कोणाचा बी असन," मागून एक जण म्हणाला.

सत्यभामा आत आली. चप्पल काढली, पुढच्या रिकाम्या खुर्चीवर उजवा पाय ठेवला आणि टाच टीव्हीकडे वळवली. टाचेवरची आडवी मोठी भेग दोन्हीकडे सारखी होती. पुढच्या ओळीतली माणसं टीव्हीकडे पाहत, मग पायाकडे, मग पुन्हा टीव्हीकडे.

"अस्वल खाली, मी वर," ती म्हणाली. "त्याचं झालं, ते गेलं. मंग मी उतरली. तुमी हाका मारून पळवता. मी वाट पाहातो, एवढंच."

निकेश उठला. मी दिलेला तारेचा तुकडा त्याने खिशातून काढला आणि सोबत आणलेल्या, चितळीच्या गळ्यातून काढलेल्या फासाजवळ धरून पाहिला. तो फास त्याने पुरावा म्हणून जपून ठेवला होता. "कंपनी एकच आहे," तो कोणाकडे न बघता म्हणाला. "असे अकरा काढले म्हणते ते. लावणारी असती त अंगणात उघडे टांगले नसते. माह्याकडून गुन्हा नोंद होत नाही." मागच्या बाजूचे दोघे-तिघे त्याच वेळी उठून बाहेर गेले. सत्यभामाने त्यांच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं, पण मला त्यांची नावं माहीत नव्हती, आणि तिने सांगितली नाहीत.

सुटलं असं वाटत होतं. तेवढ्यात गोदावरीबाई चष्मा सावरत खुर्चीजवळ वाकल्या.

"पायात जोडवे काहून नाहीत वो?"

"झाडावर अडकतात," सत्यभामा म्हणाली, आणि चप्पल घालून निघून गेली.

एक बाई हसली आणि लगेच थांबली. घरी जाताना गोदावरीबाई मला म्हणाल्या, "अस्वल नाही, मानलं. पण कायतरी आहेच."

दोन दिवसांनी मी चौदा नंबरचे कॅमेरे काढायला गेले. जागा बदलण्याचं कारण लिहायला तक्त्यात एक रकाना असतो. त्यात मी लिहिलं: झाड मालकीचं आहे. फुलं वेचून झाली होती, झाडाखाली कोणी नव्हतं, निदान मला दिसलं नाही. सामान पिशवीत भरताना वर नजर गेली. येनाच्या झाडावर, दहा फुटांवर, जिथे आधी तिसरा कॅमेरा बांधला होता बरोबर त्या जागी, हिरव्या लुगड्याची ताजी चिंधी बांधलेली होती.

येनाची फुलं कोणी वेचत नाही.