भरलेलं गोदाम

साबणाच्या कारखान्यात वड्यांना कागद गुंडाळणाऱ्या त्या माणसाला सगळे झपाट्या म्हणत. एके दिवशी साहेबांनी जाहीर केलं, दोन पाळ्यांपैकी जी जास्त माल काढील ती राहील, दुसरी घरी जाईल. तेव्हापासून झपाट्या पाणी प्यायलाही उठेना.

"अरे, जरा दमानं. वड्या काय पळून चालल्यात?" शेजारचा म्हणे.

"तू दम खा. मी पगार खातो."

दुसरी पाळीही काही हाताची घडी घालून बसली नव्हती. या चढाओढीत गोदाम छताला टेकलं, खोकी जिन्यात आली, साहेबांच्या खुर्चीमागेही लागली. मग साहेबांनी सगळ्यांना बोलावलं, तोंड भरून कौतुक केलं आणि म्हणाले, "एवढा माल खपेपर्यंत दोन्ही पाळ्या बंद." निरोप म्हणून प्रत्येकाला एक खोकं साबण.

बायकोने खोकं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "हात दाखवून अवलक्षण! आता काय, साबण खायचा?"

"लोकच अंग घासत नाहीत, त्याला मी काय करू?" झपाट्या खेकसला.

ती वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची. तिथे माणसांची सदाची चणचण. "तुमच्याकडे माल वाढला की माणसं नकोशी होतात," ती म्हणाली. "आमच्याकडे एका आजोबांना एक माणूस लागतोच. म्हणून जागा आहे. पगार मात्र निम्मा."

"निम्म्या पगारात पाठी घासू?"

"मग बसा घरी फुगे फुंकत."

देवाने पोट दिलं, पण माणूस रुसला की तेही गप्प बसेल अशी सोय काही दिली नाही. झपाट्या खोकं उचलून वृद्धाश्रमात गेला.

पहिल्याच आजोबांना त्याने डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उरकलं. बिचारे कुडकुडत होते, कानात फेस तसाच.

"काय रे बाळा, माझ्यामागे रांग आहे का?"

"नाही."

"मग शर्यत कुणाशी?"

दारातून बायको म्हणाली, "पुन्हा. पाणी कोमट घ्या. आणि हळू."

झपाट्याने दात आवळले. खोक्यातून नवी वडी काढली. कागदाची घडी त्याच्याच हातची, घट्ट, कोपऱ्याला कोपरा. ओल्या बोटांना ती काही केल्या सुटेना. त्याने नखाने ओढलं, शिवी गिळली, पुन्हा ओढलं.

"सावकाश," आजोबा म्हणाले. "मी कुठे जातोय?"