ओरखड्यावरचा बँड

मी सुई बोलतेय. शिवणकामाची नव्हे, रेकॉर्ड प्लेयरची. माझ्या टोकाला हिऱ्याचा कण आहे. हिरा म्हटल्यावर लगेच डोळे मोठे करू नका. तो इतका बारीक आहे की चोर आला आणि चष्मा घरी विसरला, तर हात हलवत परत जाईल.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे एका बाईने मला चिमट्यात धरून भिंगाखाली पाहिलं आणि म्हणाली, “ही छान जमलीय.” आयुष्यात माझं कौतुक झालं ते तेवढंच. मग डबीत बसून मी दुकानात आले आणि दुकानातून या घरात.

घर दातांच्या डॉक्टरांचं. खाली दवाखाना, वर बिऱ्हाड. डॉक्टर दिवसभर लोकांची तोंडं उघडी ठेवून स्वतः बोलत असतात, त्यामुळे समोरचा माणूस उत्तरही देऊ शकतो हे ते साफ विसरून गेलेत. ती कसर त्यांचा धाकटा भाऊ भरून काढायचा. तो लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर अंधारात एकट्याने काम करायचं, मग माणूस दिसला की तोंडाला खीळ कशी बसणार!

दोघांना वेड एकच, प्रोग्रेसिव्ह रॉकचं. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही ते सुखी आहेत, पण थोडक्यात सांगते. यात गाणं सुरू झालं की तुम्ही भाजी चिरून, फोडणी देऊन, जेवून उठता, तरी गाणं आपलं चालूच. मध्येच ठेका बदलतो, मध्येच बासरी येते, मध्येच चर्चमधला असावा तसा ऑर्गन घुमतो. मला विचाराल तर मला आवडतं. रेकॉर्डच्या चरांमधून असं लांबवर हिंडायला कुणाला नाही आवडणार? पण मला विचारतो कोण!

दर रविवारी दुपारी धाकटा आपल्या रेकॉर्ड काखोटीला मारून यायचा आणि वाद सुरू व्हायचा. या संगीताची खरी व्याख्या कुणी केली? कपाटाचा सगळ्यात वरचा कप्पा दोघांनी त्यासाठीच रिकामा ठेवला होता. ज्याच्याशिवाय प्रोग्रेसिव्ह रॉक हा शब्दच उच्चारता येणार नाही, त्याच बँडला वर जागा. आणि तीही दोघांचं एकमत झालं तरच. झालंच नाही कधी. शेवटी वहिनीने, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोने, तिथे लोकरीचे गुंडे ठेवायला सुरुवात केली.

थोरल्यांचं दैवत येस आणि जेनेसिस हे बँड. धाकट्याचं किंग क्रिम्सन, आणि त्याच्याही वर पिंक फ्लॉइड. “अंगावर काटा आला पाहिजे, दादा! तुझं ऐकून झोप येते.” “झोप येते कारण तुला ठेका मोजता येत नाही.” जेथ्रो टलचा विषय निघाला की थोरले म्हणणार, एका पायावर उभं राहून बासरी वाजवली म्हणून कुणी प्रोग्रेसिव्ह होत नाही. इमर्सन, लेक अँड पामर हे धाकट्याला बँडचं नावच वाटायचं नाही, वकिलांच्या ऑफिसची पाटी वाटायची. रश हा बँड उशिरा आला म्हणून त्याला दारातच उभं करायचं की आत घ्यायचं, यावर तर चहा गार व्हायचा.

आणि या सगळ्यात माझे हाल! मुद्दा पटवायला मला टेकवायचे, मुद्दा पटला नाही की उचलायचे. एक बाजू धड संपवू दिली असेल तर शपथ.

मग तो रविवार आला. प्लेयरवर धाकट्याची पिंक फ्लॉइडची रेकॉर्ड होती.

“हे प्रोग्रेसिव्ह नाही,” थोरले म्हणाले. “हे नुसतं संथ आहे.”

“दादा, शब्द मागे घे.”

“नाही घेत. लोकांना आवडतं ते कसलं प्रोग्रेसिव्ह?”

“म्हणजे लोकांना आवडलं हा गुन्हा?”

“हो!”

धाकट्याने रेकॉर्ड उचलायला हात घातला, थोरल्यांनी त्याचा हात धरला आणि या झोंबाझोंबीत माझा दांडा खर्रकन ओढला गेला. मी भर गाण्यातून आडवी फरफटले. रेकॉर्डवर लांबलचक ओरखडा उठला. दोघांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. “माझ्या बँडला नावं ठेवणाऱ्याच्या घरात मी पाय ठेवणार नाही,” असं म्हणून धाकटा आपल्या रेकॉर्ड गोळा करून निघून गेला. ती जखमी रेकॉर्ड मात्र प्लेयरवरच राहिली. नंतर वहिनीने ती हाताला लागलेल्या एका कोऱ्या पाकिटात घालून ठेवली.

आता काय झालं पाहा. धाकट्याकडे रेकॉर्ड, पण प्लेयर नाही. थोरल्यांकडे प्लेयर, पण ‘तू चुकतोयस’ म्हणायला माणूस नाही. ते मला टेकवायचे, थोडं ऐकायचे, समोरच्या रिकाम्या खुर्चीला उद्देशून “बघ, इथे!” म्हणायचे आणि मग ओशाळून मला उचलून ठेवायचे. हळूहळू तेही बंद झालं. माझ्यावर धूळ बसली. मला फार वाईट वाटायचं हो.

एके दिवशी वहिनी बाजारातून आली ती तावातावाने. “भाऊजी भेटले. गाल हा एवढा सुजलाय! तापही आहे. सख्खा भाऊ दातांचा डॉक्टर, आणि हा माणूस लवंग चघळत हिंडतोय!”

थोरल्यांचा चेहरा पडला. “सूज डोळ्यापर्यंत गेलीय का?”

“जवळ जवळ.”

“अगं, मग त्याला सांग ना यायला. असलं विष अंगात पसरतं. माणूस हातचा जातो!”

“सांगितलं. म्हणाले, दादाने आधी ते शब्द मागे घ्यावेत. दुसऱ्या डॉक्टरकडेही जात नाहीत. म्हणतात, माझ्या तोंडात हात घालेल तर दादाच.”

थोरले उठले, येरझाऱ्या घातल्या, खिडकीपाशी थांबले. आता तरी मागे घेतील असं मला वाटलं. “पण ते प्रोग्रेसिव्ह नाहीच ना,” ते अगदी रडवेल्या आवाजात म्हणाले.

वहिनीने कपाळावर हात मारला आणि सूत्रं हातात घेतली. एकच डाव. दोघांनी प्लेयरकडे पाठ करून बसायचं. ती न सांगता एक रेकॉर्ड लावणार. दोघांचं एकमत झालं, तर ती रेकॉर्ड वरच्या कप्प्यात आणि धाकटा खाली दवाखान्याच्या खुर्चीत. पैजेचं नाव काढल्यावर धाकटा आला. गालाला मफलर बांधलेला, डोळे लाल. भाऊ एकमेकांकडे न बघता पाठ फिरवून बसले.

वहिनीने मला त्याआधी कधी हात लावला नव्हता. लावू दिला असता तर ना! तिने हाताला येईल ते कोरं पाकीट ओढलं, रेकॉर्ड ठेवली आणि मला कडेला टेकवायच्या ऐवजी धाडकन मध्यावरच सोडलं. नेमकी त्या ओरखड्याच्या तोंडावर! मी एक फेरी पुढे गेले, आपटले आणि परत त्याच चरात येऊन पडले. पुन्हा तेच, पुन्हा तेच. तोच अर्धवट सूर, तोच ढोलाचा दीड ठोका आणि शेवटी एक ‘टक्’. मी जिवाच्या आकांताने सांगत होते की अडकलेय, मेल्यांनो, उचला मला!

“साडेसात मात्रा,” थोरले पुटपुटले.

“पावणेआठ असतील,” धाकटा सुजल्या तोंडाने बोबडं बोलला. “आणि तो ‘टक्’ ऐकलास? मुद्दाम थोडा उशिरा येतो.”

“बदलतच नाहीत रे! काय छाती आहे!”

“ऐकणाऱ्याची परीक्षा पाहतायत, दादा.”

वहिनीला काहीतरी बिनसलंय एवढं कळत होतं. तिने मला उचलायला हात पुढे केला. तेवढ्यात तिने पाहिलं, की दोघांच्या माना एका लयीत डोलताहेत आणि धाकट्याचं डोकं हळूच दादाच्या खांद्याला टेकलंय. तिने हात मागे घेतला. मी तशीच फिरत राहिले.

बऱ्याच वेळाने थोरल्यांनी डोळे पुसले. “हीच व्याख्या.”

“एकमत,” धाकटा म्हणाला.

“कोण आहे गं हा बँड?”

वहिनीने मला उचलून लेबल वाचलं. पिंक फ्लॉइड. तिचे ओठ थरथरले. “काही दिसत नाही हो, पुसलंय सगळं,” असं म्हणून ती रेकॉर्ड घेऊन स्वयंपाकघरात पळाली, तोंडात हातरुमाल कोंबून पोटभर हसली आणि लेबल ओलं करून नखाने खरवडून टाकलं. खालून थोरल्यांचा आवाज आला, “आ कर.” पहिल्यांदाच धाकट्याला उलट बोलता आलं नाही. दात निघाला, ताप उतरला.

आता वरच्या कप्प्यात ती एकच रेकॉर्ड आहे. लोकरीचे गुंडे खाली आले. दर रविवारी दोघं जुन्या दुकानांतून त्या अनाम बँडची दुसरी रेकॉर्ड शोधत फिरतात. दुकानदारांना ‘टक्’ तोंडाने करून दाखवतात. दुकानदार आजकाल त्यांना लांबून पाहिलं की आत जातात. घरी आले की रेकॉर्ड वहिनीनेच लावायची, कारण तिच्या हाताला गुण आहे म्हणे!

मी मात्र संपत आले. एकाच जागी आपटून माझा हिरा एका बाजूने झिजलाय. काल माझ्याशेजारी नव्या सुईची डबी आली. तू आत आहेस ना? ऐकतेयस ना?

बाई गं, तुझं टोक ताजं आहे. मनात आणलंस तर एका उडीत तो ओरखडा ओलांडशील. पुढचं गाणं फार सुंदर आहे. भांडणाच्या आधी एकदा मी ते शेवटपर्यंत ऐकलंय, आणि पुन्हा ऐकायची मला किती हौस होती म्हणून सांगू! पण ओलांडू नकोस. तिथेच अडक. दोघं शेजारी शेजारी बसलेत.